थर्मोस्टॅटनाना

मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत कुठेही जीपचं बॉनेट उघडा, पाच मिनिटांत एक गृहस्थ शेजारी येऊन उभे राहतील. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, हातात पिशवी आणि पिशवीत अर्धीच घेतलेली भाजी, म्हणजे बाजार टाकून आलेले. आल्याआल्या ते बोलत नाहीत. चष्मा कपाळावर चढवतात, इंजिनावर वाकतात, एकदा हुंगतात, आणि मालकाकडे न बघता विचारतात,

"थर्मोस्टॅट आहे की काढला?"

मालक म्हणाला, "आहे," तर ते म्हणतात, "म्हणूनच."

मालक म्हणाला, "काढला," तरी ते म्हणतात, "म्हणूनच."

प्रत्येक गावात हे गृहस्थ निराळे असतात, पण वाण एकच. थळला त्यांना अण्णा म्हणत असतील, चौलला भाई म्हणत असतील. आमच्या नागावात ते नाना, आणि माघारी थर्मोस्टॅटनाना. हे नाव त्यांच्या कानावर गेलेलं आहे. त्यांना ते पदवीसारखं वाटतं.

नाना थळच्या खत कारखान्यातून निवृत्त झाले. कुठल्या खात्यातून, हे ते चटकन सांगत नाहीत. "प्लँटला होतो," एवढंच म्हणतात. ते टाइम ऑफिसात होते. कोण किती वाजता आला आणि कोणाचा अर्धा दिवस लागला, हे बघण्यात त्यांची नोकरी गेली. पण त्यांच्या खिडकीतून कुलिंग टॉवर दिसायचा, आणि सगळी हयात त्या वाफेकडे बघत काढल्यामुळे जगात जे जे तापतं ते आपल्या खात्याचं, अशी त्यांची समजूत झाली. "आमच्या टॉवरला एकदा असंच झालं होतं," या वाक्यानं त्यांचं निदान सुरू होतं. टॉवरला नक्की काय झालं होतं, ते अजून कोणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. तोवर इंजिन निवतं आणि मालक गाडी घेऊन सटकतो. गाडी चालू झाली, याचा अर्थ निदान बरोबर होतं.

गंमत अशी, की नानांच्या मालकीचं रेडिएटर असलेलं वाहन आजवर एकही झालं नाही. त्यांच्याकडे बजाज चेतक आहे. तिचं इंजिन हवेवरच निवतं. तिला पाणी लागत नाही, पंप लागत नाही, थर्मोस्टॅट तर तिनं बापजन्मी पाहिलेला नाही. ती बंद पडली की नाना मुकाट्यानं तिला ढकलत गॅरेजात नेतात आणि मेकॅनिक काय म्हणेल ते निमूट ऐकून पैसे देतात. तिथे टॉवरचं नाव निघत नाही.

दुसऱ्या एखाद्या मुलखात असा माणूस पेन्शन खात गप्प बसला असता. आमचा किनारा मात्र त्याला रोज काम पुरवतो. जुन्या डिझेल जीपा इथे अजून पोटापाण्याच्या धंद्यात आहेत. सकाळी वॉटर स्पोर्ट्सची बोट ट्रॉलीवर घालून पाण्यात सोडायची, संध्याकाळी ओढून वर आणायची. जेट स्की न्यायच्या-आणायच्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे भरती-ओहोटी न बघता नव्याकोऱ्या गाड्या पुळणीत घालतात आणि टायर रुतले की "कोणी आहे का इकडे?" म्हणून हाका मारतात. त्यांना दोर बांधून बाहेर काढायचं. (भाव लाटेनुसार ठरतो. लाट बंपरला लागली की पाहुणे घासाघीस करत नाहीत.) मेच्या अखेरीला तर झुंबडच असते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, पावसामुळे पर्यटनाच्या बोटीही बंद, त्यामुळे जे जे तरंगतं ते सगळं पावसाच्या आत वर यायला हवं.

आणि पुळणीत बोट ओढणं हा इंजिनाच्या दृष्टीनं सर्वांत वाईट धंदा. कार्लेखिंड चढताना निदान गाडीला थोडी चाल असते, समोरून वारा येतो. पुळणीत इंजिन बोंबलत असतं आणि गाडी माणसाच्या पावलानं सरकत असते. डिझेल जाळून जी उष्णता होते तिचा मोठा वाटा पाण्यावाटे बाहेर पडायचा, आणि ते पाणी निववायला एकटा पंखा. त्यात खारा वारा रेडिएटरचे पापुद्रे खातो. उरलेल्या पापुद्र्यांच्या फटींत रेती आणि सुरूचा पाला जाऊन बसतो. आतून आणखी निराळा त्रास. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी वर्षानुवर्षं ओतलं की नळ्यांत क्षार धरतात आणि पाण्याची वाट बारीक होत जाते. मग रेडिएटर उतरवून, टाक्या उघडून, एकेका नळीतून सळई फिरवून घ्यावी लागते. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याला पैसे पडतात. थर्मोस्टॅट काढायला दोन बोल्ट पुरतात. नानांच्या लोकप्रियतेचं मूळ इथे आहे.

आमच्या दादूसची जीप महिंद्राची एमएम 540. इंजिन फ्रेंच प्यूजो घराण्यातलं, 2112 सीसीचं, डिझेल. पंधरा वर्षांची मुदत उलटून गेल्याला जमाना झाला. आता दर पाच वर्षांनी नव्यानं पासिंग आणि वर पर्यावरण कर, असं तिचं आयुष्य वाढत चाललंय. मूळचा रंग कोणता, हे आरसी बुक बघून सांगावं लागतं. समोरच्या जाळीवर 'आई एकविरा प्रसन्न' असा स्टीलचा भला थोरला फलक, त्याच्या दोन्ही अंगांना पिवळे दिवे, खाली वेटोळं करून बांधलेला जाडजूड दोर, आणि दसऱ्याला घातलेला हार पुढच्या दसऱ्यापर्यंत. मागे ट्रॉली, ट्रॉलीवर फायबरची बोट. बोट जीपपेक्षा लांब. नाकापेक्षा मोती जड.

या जीपचा थर्मोस्टॅट आदल्या वर्षीच्या दिवाळीत नानांनी काढायला लावला होता. "ती एक अडगळ आहे रे. विलायतेत बर्फ पडतो म्हणून तिथे लागतो. आपल्याला काय करायचाय?" हे त्यांचं शास्त्र. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. पाणी साधारण 82 अंशांच्या आसपास गेलं की ते मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. त्याच्या आत गेलं तर इंजिनाला ऊब धरायला वेळ लागतो, डिझेल जास्त जळतं आणि इंजिन झिजतं. काही इंजिनांत तर ही झडप उघडताना दुसरी आडवाट बंद करते. झडपच काढली तर थोडं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच आडवाटेनं परत इंजिनात फिरतं. पण हे कोण कोणाला सांगणार? डिसेंबरात दादूसच्या जीपचा काटा खालीच राहिला आणि नानांची कीर्ती वर गेली. तो म्हणायचा, "नानांनी गारी एकदम थंड करून टाकली." खरोखरच केली होती. सकाळी धूर सोडत, खोकत, दहा मिनिटं ती जागची हलत नसे.

मग मे आला.

शेवटच्या आठवड्यातली दुपार. ओहोटी लागलेली, बोट ट्रॉलीवर चढवलेली. जीप फोर-व्हील लो-गिअरमध्ये पुळण तुडवत सुरूच्या बनापर्यंत आली आणि काटा लाल पट्टीत जाऊन टेकला. बॉनेटच्या फटींतून वाफ. दादूसनं गाडी सावलीला लावली आणि बॉनेट उघडलं. पुढचं ठरलेलंच होतं.

आधी कुल्फीवाला आला. "पानी कमी असंल." रिक्षावाला आला. त्यानं लांबूनच हेड गॅसकेट गेल्याचं जाहीर केलं. रिक्षावाल्यांना दुसऱ्याचं हेड गॅसकेट गेलेलं आवडतं. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं मोबाइलवरची मान वर न करता बॅटरी तपासायला सांगितलं. घोडागाडीवाला म्हणाला, "दमली हाय. उभी ऱ्हाऊ दे जरा." त्या दुपारचा एवढा एकच सल्ला शास्त्राला धरून होता, आणि त्याकडेच कोणी लक्ष दिलं नाही.

मग सुरूच्या झाडांमधून पिशवी दिसली. गर्दीनं वाट दिली. चष्मा वर गेला, नाक खाली गेलं.

"थर्मोस्टॅट आहे की काढला?"

"नाना, तो तर तुमीच कारायला लावला."

"म्हणूनच," नाना म्हणाले. जराही चाचरले नाहीत. "थर्मोस्टॅट काढल्यावर बाकीची सिस्टीम उघडी पडते. बेसिकली हा पाण्याचा प्रॉब्लेम आहे. लिहून देतो मी. पाण्याचा."

लिहून देतो म्हणताना त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे जातो. लिहून मात्र त्यांनी अजून कोणाला दिलेलं नाही.

नानांची पद्धत एकदा बघण्यासारखी आहे. गाडी केव्हा तापते, हे ते कधी विचारत नाहीत. खरं तर सगळं तिथेच असतं. नुसती उभी असताना तापली तर पंखा, पट्टा आणि वाऱ्याची वाट बघायची. सुसाट धावताना तापली तर रेडिएटरच्या नळ्या, पाण्याचा पंप आणि खालचा होज बघायचा, कारण तो होज जुना होऊन नरम पडला की वेगात पंपाच्या ओढीनं आत चिपकतो आणि गाडी थांबली की पुन्हा साळसूद गोल होतो. काहीही करत नसताना तापली तर आधी काट्यावरच संशय घ्यायचा. पण असे प्रश्न विचारले की समोरच्याला उत्तरं द्यावी लागतात, आणि उत्तर नानांनी द्यायचं असतं. अलिबागची वेधशाळा 1904 पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजते आहे. त्यासाठी तिथे केवढी नाजूक उपकरणं आणि केवढी जपणूक! नानांना त्या लोकांची कीव येते. ते म्हणतात, "उपकरण कोणाला लागतं? ज्याला अनुभव नाही त्याला."

"तीन कारणं असतात," असं ते नेहमी म्हणतात. त्यांतली दोन सांगतात. तिसरं राखून ठेवतात. पहिली दोन खोटी ठरली की म्हणायचं, "मी म्हटलं होतं ना, तिसरं असणार!"

तेवढ्यात चौलकडून मिस्त्री आला. दादूसनं त्याला फोन करून ठेवला होता. मिस्त्री म्हणजे मोजक्या शब्दांचा, काळ्या नखांचा माणूस. आल्याबरोबर त्यानं बॉनेटकडे बघितलंच नाही. गर्दीचा निम्मा उत्साह तिथेच गेला. बराच वेळ तो बिडी ओढत बसला. इंजिन पुरतं निवल्यावर त्यानं फडकं टाकून रेडिएटरचं टोपण काढलं, पाणी भरलं आणि गाडी चालू करून पाण्यात बुडबुडे येतात का ते बघितलं. आले नाहीत. ऑइलची कांडी ओढून बघितली. ऑइल काळंच होतं, दुधाळ नव्हतं. गॅसकेट शाबूत. रिक्षावाला चहाला गेला. मिस्त्रीनं पट्टा दाबला, दोन्ही होज दाबले, खालच्या होजवर बोट ठेवून रेस वाढवायला सांगितली. होज चिपकला नाही. मग त्यानं विचारलं,

"रिकामी गारी तापते काय?"

"नाय."

"बोट असली की?"

"बोट असली की. पन गेल्या साली हीच बोट होती, तवा नाय तापली."

मिस्त्री उठला आणि मागे गेला. अर्धा तास सगळा गाव पुढे जमला होता आणि मागे कोणीच गेलं नव्हतं. त्यानं ट्रॉलीच्या उजव्या चाकाच्या हबवर हात ठेवला, तो ठेवलेलाच राहिला. डाव्या हबवर ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. जॅक लावून डावं चाक उचललं, हातानं फिरवलं. चाक अर्धा वेढा फिरलं आणि करकरत थांबलं. हबची टोपी उडवली, तर ग्रीसच्या जागी तांबडा चिखल. रोज हब चालून गरम व्हायचं आणि तसंच समुद्रात बुडायचं. गरम हब एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढून घेते. एका सीझनमध्ये बेअरिंग संपलं होतं. जीप बोट ओढत होती ती चाकावर नव्हे, जवळजवळ घसपटत. आणि आम्ही सगळे इंजिनात वाकलेलो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

"जुनी गारी एका कारनानं नाय तापत," मिस्त्री म्हणाला. त्याचं हे त्या दिवसातलं सर्वांत लांब भाषण. "चार अर्धी कारनं मिलतात." मग त्यानं पुढच्या जाळीकडे बोट दाखवलं. फलक, दिवे, दोर, हार. रेडिएटरच्या निम्म्या तोंडावर सामान होतं. वारा शिरणार कुठून? एकविरा आईला बॉनेटच्या वर हलवायचं ठरलं. दादूसनं हात जोडून फलक उतरवला. "आनि थर्मोस्टॅट बसवायचा. कुठाय?"

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं.

कारण काढलेला प्रत्येक थर्मोस्टॅट नाना घरी नेतात. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, तो त्यांनी भरत आणलाय. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी, चिठ्ठीवर गाडीचा नंबर आणि तारीख, टाइम ऑफिसच्या वळणदार अक्षरात. पोरगा सायकलवर जाऊन डबा घेऊन आला. मिस्त्रीनं सुरूखालच्या चहाच्या टपरीवरचं अॅल्युमिनियमचं पातेलं मागून घेतलं, त्यात पाणी उकळत ठेवलं आणि डबा ओतला. आम्ही पातेल्याभोवती वाकून उभे. पाणी तापत गेलं तशा तळाशी एकेक झडपा हलायला लागल्या. आधी केसाएवढी फट, मग तांदळाएवढी, मग पुरती उघडी. एक गंजलेला सोडला तर सगळे उघडले. दादूसचा तर सर्वांत आधी. इतक्या गाड्यांतून ज्यांना गुन्हेगार म्हणून बाहेर काढलं होतं, ते पातेल्यात ओळीनं निर्दोष सुटत होते.

कोणी काही बोलेना. नानांनी चष्मा खाली घेतला, पातेल्यात बघितलं आणि म्हणाले,

"हॅ! गरम पाण्यात काय, कोणीही उघडेल."

मिस्त्रीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यानं चिमट्यानं दादूसचा थर्मोस्टॅट उचलला, नवीन गॅसकेट घालून बसवला, ट्रॉलीचं बेअरिंग आणि सील बदलायला पेणहून सामान आणायचं सांगितलं, आणि विहिरीच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घालायला बजावलं. निघताना त्यानं बेअरिंगमधला तांबडा चिखल फडक्यावर काढून दाखवला. "खारं पानी घुसलं, म्हनून ही दशा."

नाना थबकले. भाजीची पिशवी त्यांनी खाली ठेवली.

"काय म्हणालास? पाणी?"

"हां. पानी."

नाना गर्दीकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर कुलिंग टॉवर चालू झाला होता. "मी पहिल्या मिनिटाला काय म्हटलं होतं? पाण्याचा प्रॉब्लेम! लिहून देतो म्हटलं होतं की नाही?" कुल्फीवाल्यानं मान डोलावली. म्हटलं तर होतंच. दादूसनंसुद्धा नानांना चहा पाजला. मिस्त्रीला मजुरी दिली, पण मान नानांना गेला. आमच्याकडे वाटणी अशीच होते.

त्या दिवसापासून नानांचा प्रश्न बदललाय. परवा आक्षीच्या पुलाजवळ मुंबईच्या एका जोडप्याची छोटी गाडी बॉनेट उघडून उभी होती. नाना आले, हुंगले आणि म्हणाले, "ट्रॉलीचं बेअरिंग बघितलंत का?" त्या गाडीला ट्रॉली नव्हती. तसं त्या बाईंनी सांगितलं.

"म्हणूनच," नाना म्हणाले.

तुम्ही या बाजूला येणार असाल आणि काटा वर चढायला लागला, तर एवढं करा. मागे काही बांधलेलं असेल तर आधी खाली उतरून सगळ्या चाकांच्या हबजवळ हात नेऊन बघा. काटा लाल पट्टीच्या अलीकडे असेल, तर गाडी उभी करून इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवा, म्हणजे पंखा आणि पंप चालू राहतात. वाफ यायला लागली असेल, तर मात्र बंद करा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका. आणि रेडिएटरचं टोपण निदान अर्धा तास उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि टोपण सैल झालं की एकदम अंगावर येतं. ही शेवटची गोष्ट नानाही सांगतात, आणि सांगताना उजव्या हाताची बाही खाली ओढून घेतात. त्यांच्या सगळ्या सल्ल्यांतला एवढा एक जरूर ऐका.